हैदराबादचा पोलीस संघ : एका क्रीडापरंपरेचा उदयास्त

मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स करंडकाचे सामने पाहण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्या पिढीच्या स्मरणात एका संघाचे नाव आदराने, आणि थोड्याशा धास्तीनेही, कोरलेले होते. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हा करंडक मुंबईत राहिला नाही आणि कलकत्त्यासही गेला नाही. तो हैदराबादला गेला. तो नेणारा संघ एखाद्या संस्थानिकाच्या पदरचा नव्हता, कोणा गिरणीमालकाच्या पैशावर पोसलेला नव्हता. शहर पोलीस खात्यात चाकरी करणाऱ्या सामान्य स्थितीतील तरुणांचा तो संघ होता. ‘हैदराबाद सिटी पोलीस’ हे त्याचे नाव. आज हे नाव नव्या पिढीतील फुटबॉलप्रेमी तरुणास सांगितले, तर त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण क्वचितच उमटेल. शिखरावर पोहोचलेली संस्था एकदोन पिढ्यांत अशी विस्मृतीत जाते, ती का, हा प्रश्न केवळ खेळाच्या इतिहासाचा नाही. संस्था कशा जगतात आणि कशा मरतात, याचाच तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम हैदराबादपासून फार दूरच्या एका दृष्टांताकडे वळणे उपयोगी ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील लक्षावधी माणसे पोटासाठी देश सोडून गेली. कोणी ब्राझीलमधील कॉफीच्या मळ्यांवर गेले, कोणी अर्जेंटिनाच्या बंदरांत राबू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळांनी ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठला. परक्या मुलुखात भाषा परकी, अन्न परके, शेजारी परके. अशा वेळी आठवड्याच्या सुट्टीस आपली माणसे एकत्र जमावीत, आपली भाषा कानांवर पडावी, म्हणून त्यांनी जागोजाग मंडळे काढली आणि त्या मंडळांतून फुटबॉलचे संघ जन्मास आले. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरी १९१४ साली स्थापन झालेला ‘पालेस्त्रा इतालिया’ हा अशांपैकी सर्वांत नामांकित. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९४६ साली इटालियन स्थलांतरितांनी असाच एक संघ उभा केला आणि तुरीन शहरातील प्रख्यात संघाच्या स्मरणार्थ त्यास ‘युव्हेन्टस’ हे नाव दिले. वर्गणी देणारा तोच सभासद, सभासद तोच प्रेक्षक, आणि प्रेक्षकाचाच मुलगा पुढे खेळाडू, अशी या संघांची घडण होती.

हैदराबाद हेही एका अर्थाने बाहेरून आलेल्यांचेच शहर. निजामाच्या लष्करात चाकरीस आलेले हद्रमौत प्रांतातील अरब शहराच्या दक्षिणेस ज्या वस्तीत स्थिरावले, तिला इंग्रजी ‘बॅरॅक्स’ या शब्दावरून ‘बारकस’ हे नाव पडले. त्या वस्तीत फुटबॉलचे वेड पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. शेजारच्या सिकंदराबादेत इंग्रजांची मोठी छावणी होती. छावणीच्या आधाराने तमिळ, तेलुगू व अँग्लो-इंडियन कुटुंबे तेथे येऊन राहिली होती, आणि गोऱ्या पलटणींचे सामने मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणारी त्यांची मुले तोच खेळ अनवाणी पायांनी खेळू लागली होती. राजधानी असल्यामुळे मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही मुलुखांतील माणसांचा तेथे राबता असे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्याचे घटक होते, हे मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. परंतु इटालियनांच्या वसाहतीप्रमाणे एकाच जमातीने वर्गणी काढून उभारलेला संघ हैदराबादच्या कीर्तीचा धनी झाला नाही. येथे नाना जातिधर्मांच्या मुलांना एका छत्राखाली आणण्याचे काम सरकारी खात्याने केले. १९३९ साली स्थापन झालेला शहर पोलिसांचा संघ हे ते छत्र होय.

खात्याच्या संघाचा एक मोठा गुण असा की, गरिबाच्या मुलास तो भाकरी देतो. त्या काळी फुटबॉल हा आपल्या देशात उघडपणे पैशाचा खेळ नव्हता. चेंडूवर हुकमत असलेल्या एखाद्या कष्टकऱ्याच्या मुलास घरी विचारले जाई, ‘खेळून खाणार काय?’ पोलीस खात्याने या प्रश्नास उत्तर दिले. अंगावर गणवेश आला, महिन्याचा पगार सुरू झाला आणि सकाळ-संध्याकाळ सरावाची सोय झाली. संघाच्या यशाचा पाया हा असा साधा, व्यवहारी होता. त्या पायावर कळस चढविणारा माणूस मात्र पोलीस नव्हता. तो शाळामास्तर होता.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि शहरातील निरनिराळ्या शाळांतून मुलांस शिकविले. विद्यार्थिदशेपासून ते स्वतः चांगले खेळत. पण त्यांची खरी प्रतिभा खेळण्यापेक्षा शिकविण्यात होती. १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले व ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९५० पासून पोलीस संघाच्या मार्गदर्शनाचे कामही त्यांनी हाती घेतले. लोक त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत. वर्गात मुलांची अक्षरे घोटून घेणाऱ्या मास्तराची शिस्त त्यांनी मैदानावर नेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांची पद्धत पाहण्याजोगी होती. आपल्याकडील खेळाडूंस चेंडू पायाशी घोळवीत बसण्याची फार हौस; प्रेक्षकही त्यावर खूष असत. रहीम यांनी अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांत चेंडू घोळविण्यासच मनाई होती. चेंडू आला की तत्काळ तो सोबत्याकडे द्यावयाचा. त्याचप्रमाणे, ज्याचा उजवा पाय बळकट त्याने केवळ डाव्याने खेळावे, असेही सामने त्यांनी योजिले. दोन्ही पाय सारखेच हुकमी झाल्यावाचून खेळाडूस चेंडू कोणत्याही बाजूने वेळेवर देता येत नाही, हे साधे तत्त्व त्यामागे होते. देहयष्टीने लहान असलेल्या आपल्या तरुणांनी धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग भिडवून लढण्यापेक्षा चेंडूस पळवावे, म्हणजे प्रतिस्पर्धी आपोआप दमेल, हा त्यांचा हिशेब होता. हंगेरीच्या संघाने १९५३ साली वेंब्लीच्या मैदानावर इंग्लंडचा ६-३ असा पाडाव केला, तेव्हा आघाडीचा मधला खेळाडू मागे घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडण्याची त्यांची युक्ती जगभर गाजली. रहीम यांनी ती बारकाईने अभ्यासिली आणि आपल्या खेळाडूंच्या अंगी मुरविली.

या तयारीचे फळ किती लवकर मिळाले, ते पाहा. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामी राजवट संपुष्टात आली होती. शहराची मने दुखावलेली होती; शेजाऱ्याकडे शेजारी संशयाने पाहत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, याच शहराच्या पोलिसांचा संघ मुंबईत रोव्हर्स करंडकाचा मानकरी ठरला. त्याच वर्षीच्या दिल्लीतील ड्युरँड स्पर्धेत अंतिम फेरीस त्याची गाठ कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बागानशी पडली. पहिला सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात हैदराबादने एका गोलाने बाजी मारली. नूर महंमद, अझीझ, मोईन, लईक, जमाल ही नावे तोवर हैदराबादबाहेर फारशी कोणाच्या कानी नव्हती; ती आता वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकू लागली. पराभवाच्या व पालटाच्या सावटाखाली वावरणाऱ्या त्या नगरीस ताठ मानेने उच्चारता येईल असे काहीतरी या अकरा जणांनी मिळवून दिले. राजकारणास जे साधत नाही ते एखादा चेंडू कधी कधी सहज साधतो, याचे हे उदाहरण आहे.

पुढील यशाची जंत्री मोठी आहे. रोव्हर्स करंडक पाच वेळा लागोपाठ जिंकल्यावर १९५७ साली तो पुन्हा हैदराबादेस गेला. ड्युरँड करंडक १९५४ व १९५७ साली आणि, संघाचे नाव ‘आंध्र प्रदेश पोलीस’ असे झाल्यावर, १९६१ साली त्यांनी पटकाविला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. गंमत अशी की, राज्य गेले तरी मैदानावरील ‘हैदराबाद’ कायम होते. संतोष करंडकाच्या १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही आंतरराज्य स्पर्धा त्या नावाच्या संघानेच जिंकल्या, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ मुंबईचा होता. मराठवाडा ज्या राज्यात नुकताच सामील झाला होता, त्याच राज्याच्या संघास मराठवाड्याच्या जुन्या राजधानीने हरवावे, हा योगायोग त्या वेळच्या मराठी रसिकांस गमतीचा वाटला असल्यास नवल नाही.

या घराण्याची कीर्ती पुढे देशाची कीर्ती झाली. १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धांत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणचा एका गोलाने पराभव करून सुवर्णपदक मिळविले. पुढल्याच वर्षी हेल्सिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताची १०-१ अशी दाणादाण उडविली. आपले पुष्कळसे खेळाडू तोवर अनवाणी खेळत असत. या तडाख्याने बुटांचा प्रश्न कायमचा निकालात निघाला. १९५६ साली मेलबर्न येथे जो संघ उतरला तो निराळाच होता. त्यात हैदराबादच्या मातीत वाढलेल्या खेळाडूंचा मोठा भरणा होता : अझीझ, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम. यजमान ऑस्ट्रेलियास भारताने ४-२ असे नमविले आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्यांपैकी तीन गोल केले. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी नसल्याने पुढे चाल मिळाली होती, हे खरे. तरीही ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो पहिला आशियाई देश ठरला. तेथे पुन्हा युगोस्लाव्हियाकडून व नंतर बल्गेरियाकडून हार पत्करावी लागली आणि चौथा क्रमांक मिळाला. चार वर्षांनी रोम नगरीत याच मास्तरांच्या शिष्यांनी फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले.

बलराम यांची कथा येथे सांगण्यासारखी आहे. सिकंदराबादजवळील अम्मुगुडा या गावी एका गरीब तमिळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रहीम यांची नजर त्या मुलावर पडली तेव्हा सरावासाठी रोज हैदराबादेस येण्याइतके पैसेही त्याच्यापाशी नव्हते. रहीम यांनी त्याच्यासाठी सायकलीची व्यवस्था केली. सायकल दामटीत सरावास येणारा हा पोरगा काही महिन्यांच्या आत देशाच्या संघात जाऊन बसला. मोठ्या पैशांवाचून केवळ पारख व जिव्हाळा यांच्या बळावर काय घडू शकते, ते यावरून दिसते.

रहीम यांच्या आयुष्याचा शेवटचा अंक हृदयस्पर्शी आहे. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांस ते संघ घेऊन गेले तेव्हा कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. स्पर्धेस आलेल्या भारतीय पथकाविषयी यजमानांच्या मनात राजकीय कारणांनी रोष होता आणि अंतिम सामन्यात प्रेक्षागार भारताच्या विरुद्ध गर्जत होते. त्या गदारोळात, ४ सप्टेंबर रोजी, पी. के. बॅनर्जी आणि डोक्याच्या जखमेनिशी खेळणारा जर्नेलसिंग यांनी दक्षिण कोरियावर एकेक गोल चढविला आणि भारताने २-१ असा विजय मिळविला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांनी देह ठेवला. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा लाभलेले नाही.

गुरूच्या पश्चात हैदराबादचा झरा एकदम आटला असे नव्हे. १९६५-६६ सालचा संतोष करंडक आंध्र प्रदेशाने जिंकला. युसुफ खान, सय्यद नईमुद्दीन, महंमद हबीब अशी माणसे याच मातीतून वर आली. नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली बँकॉक येथे भारताने कांस्यपदक पटकाविले. परंतु येथेच उताराची खूण स्पष्ट दिसते. बलराम १९५७ सालीच कलकत्त्याच्या ईस्ट बेंगालकडे गेले होते; हबीब १९६६ साली त्याच वाटेने गेले. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांपाशी हजारो सभासद होते, सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न होते, आणि विशेष म्हणजे खेळाडूस डोक्यावर घेणारा प्रेक्षक होता. पोलीस खात्यापाशी द्यावयास होती ती केवळ नोकरी. एके काळी जी नोकरी गरिबास वरदान वाटे, तीच अधिक मोल मिळू लागल्यावर तोकडी पडू लागली. इकडे शहरात क्रिकेटचे प्रस्थ वाढत होते. १९५५ साली फतेह मैदानावर कसोटी सामना झाला. पुढे जयसिंहा, अबीद अली, पतौडी यांच्या बॅटीकडे हैदराबादचा तरुण डोळे लावून बसला. पोलीस संघ हळूहळू मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. खुद्द रोव्हर्स स्पर्धाही एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बंद पडली.

आता त्या दूरच्या दृष्टांताकडे पुन्हा वळू. १९४२ साली ब्राझील महायुद्धात इटलीच्या विरोधी पक्षास मिळाला आणि शत्रुराष्ट्राचे नाव धारण करणाऱ्या संस्थांवर बंदी आली. ‘पालेस्त्रा इतालिया’ या नावापुढे मृत्यू उभा राहिला. सभासदांनी नाव टाकले, संस्था टाकली नाही. त्याच वर्षी ‘पाल्मेइरास’ या नव्या नावाने उतरून त्या संघाने साओ पाउलोचे अजिंक्यपद मिळविले, आणि आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही दक्षिण अमेरिकेतील बलिष्ठ संघांत त्याची गणना होते. ॲडलेडचा ‘युव्हेन्टस’ही पुढे ‘ॲडलेड सिटी’ झाला. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने तीनदा मिळविले, २००३ साली राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घ्यावी लागली, तरी आपल्या प्रांताच्या स्पर्धेत तो खेळत राहिला. नाव गेले, दर्जा उतरला, पण संस्था टिकली. कारण ती कोणा एका मालकाची अगर खात्याची नव्हती, वर्गणी देणाऱ्या घराघरांची होती. हैदराबादच्या पोलीस संघाचेही नाव बदलले होते. परंतु नाव बदलल्यामुळे तो संपला नाही. ज्यांनी त्याच्या विजयावर जीव ओवाळला त्या हैदराबादकरांचे संघाच्या कारभारात स्थान नव्हते, आणि वाईट दिवस आले तेव्हा त्यास सावरून धरण्याचा हक्कही त्यांना नव्हता, म्हणून तो संपला.

या कथेस अलीकडच्या काळाची एक पुरवणी जोडली पाहिजे, आणि तिचा संबंध पुण्याशीही आहे. पुण्याच्या बालेवाडीत २०१४ पासून खेळणारा ‘एफसी पुणे सिटी’ हा व्यावसायिक संघ २०१९ साली बंद झाला आणि त्याच्या जागी ‘हैदराबाद एफसी’ अवतरला. मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर केरळच्या संघास हरवून त्याने इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविले आणि जुन्या हैदराबादकरांच्या आशा पालवल्या. परंतु थोड्याच वर्षांत पैशाचे गणित चुकले आणि २०२५ साली तो संघ नाव पालटून दिल्लीस गेला. इटालियन मजूर देशोधडीला लागले, पण त्यांचे संघ एका जागी रुजले. येथे माणसे जागच्या जागी राहिली, आणि संघच बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुण्याहून हैदराबादेस व तेथून दिल्लीस गेला. काळाचा महिमा विलक्षण खरा!

यावरून खात्याचे संघ अगर धनिकांचे संघ नसावेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खात्याने हात दिला नसता तर नूर महंमद आणि अझीझ मैदानापर्यंत पोहोचलेही नसते. आश्रय बी रुजविण्यास समर्थ असतो. झाड शतकभर जगावयाचे, तर त्याची मुळे लोकांच्या अंगणात गेली पाहिजेत. रहीम यांनी सारे आयुष्य वेचून माणसे घडविली. त्या माणसांच्या मागे उभी राहील अशी लोकांची संस्था घडविण्याचे काम मात्र त्यांच्या पश्चात कोणी हाती घेतले नाही. बारकसच्या मैदानावर संध्याकाळी धूळ उडवीत मुले चेंडूमागे धावतात, तेव्हा हैदराबादची ती जुनी हौस अजून मेलेली नाही याची खात्री पटते. उणीव आहे ती, या चेंडूवर आमचा हक्क आहे असे म्हणून पुढे येणाऱ्या सभासदांची.